पिऊन ट्रॅक्टर चालवाल, तर गोष्ट सातबाऱ्यापर्यंत जाईल!
दारू पिऊन वाहन चालवण्याचा कायदा : बचाव कुठे टिकतो, कुठे टिकत नाही

वाळूजच्या शिवारात १९८५ साली बजाजचा कारखाना सुरू झाला आणि तेव्हापासून नगर रस्ता रात्रीही जागाच आहे. पंढरपूर, जोगेश्वरी, रांजणगाव शेणपुंजी, पुढे लिंबेजळगाव, कुठेही उभे राहा. शिफ्टला जाणारी-येणारी पोरं मोटारसायकलीवर, मालाचे कंटेनर, उसाच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि त्यातूनच कडेकडेने चाललेली एखादी बैलगाडी. अशा रस्त्यावर चालकाचा हात जरासा हलला तरी कुणाच्या तरी घरचा कर्ता माणूस जातो.

तरीही पारावर बोलणं निघालं की ऐकू येतं, "सापडलो तर काय होईल? दहा हजार भरू आन् मोकळे होऊ." काही जण त्याच्याही पुढे जातात, "आपली ओळख आहे, मशीनमध्ये फुंकायचंच नाही." या दोन्ही समजुती माणसाला खड्ड्यात घालणाऱ्या आहेत. दंड हा या प्रकरणातला सर्वांत लहान खर्च. फौजदारी खटल्यातून सुटलेला माणूससुद्धा विम्याच्या दाव्यात अडकू शकतो आणि तिथली वसुली जमीन महसुलाच्या वाटेने दारात येते. म्हणून कायदा नेमका काय म्हणतो ते एकदा नीट समजून घ्या.

ट्रॅक्टरलाही कायदा लागू

"हे कलम कार-ट्रकवाल्यांसाठी, आपल्या ट्रॅक्टरला कोण विचारतो?" असा एक समज आहे. तो साफ चुकीचा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये ट्रॅक्टर हे मोटार वाहनच आहे. त्यामुळे दारू पिऊन वाहन चालवण्याचे कलम १८५ ट्रॅक्टर, मोटारसायकल, छोटा हत्ती, जीप सगळ्यांना सारखेच लागू आहे. वाहन चालवणे हा गुन्हा आहेच, चालवण्याचा प्रयत्न करणे हाही गुन्हा आहे.

बैलगाडी मोटार वाहन नाही, म्हणून तिला कलम १८५ लागत नाही. पण सार्वजनिक रस्त्यावर कोणतेही वाहन बेदरकारपणे हाकून लोकांच्या जिवाला धोका केला, तर भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ लागते. त्यात बैलगाडीही येते. तेव्हा रात्रीच्या वेळी झिंगून गाडी बैलांच्या भरवशावर सोडणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये.

३० मिलिग्रॅम म्हणजे काय?

कलम १८५ ची रेषा स्पष्ट आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले की गुन्हा झाला. तुम्ही सरळ चालू शकता की नाही, बोलताना अडखळता की नाही, "मला चढतच नाही" हे खरे की खोटे, याला तिथे अर्थ नाही. आकडा रेषेच्या वर गेला की विषय संपला.

किती प्याल्यावर ही रेषा ओलांडते, ते अंगाच्या वजनावर, पोटात अन्न आहे की नाही यावर आणि किती वेळात प्याली यावर ठरते. त्यामुळे "एक पेग चालतो" असा हिशेब कुणी सांगितला तरी धरू नका.

दुसरा हिशेब मात्र ध्यानात ठेवण्यासारखा आहे. साधारणपणे दर तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे १५ मिलिग्रॅमच्या आसपास अल्कोहोल शरीर उतरवते. कुणाचे थोडे कमी, कुणाचे थोडे जास्त. समजा, रात्री १२ वाजता एखाद्याच्या रक्तात १२० मिलिग्रॅम आहे. ३० वर यायला ९० मिलिग्रॅम उतरले पाहिजे, म्हणजे सहा तास. त्याने पहाटे चारला उसाची खेप घेऊन ट्रॅक्टर काढला किंवा पहिल्या शिफ्टसाठी मोटारसायकल काढली, तर झोप होऊनही तो कायद्याच्या नजरेत पिऊनच चालवतो आहे. लिंबूपाणी, ताक, काळा चहा, डोक्यावर गार पाणी यांनी हा वेग वाढत नाही. वेळ गेला की उतरते, दुसरा इलाज नाही.

रस्त्यावर थांबवलं तर

कलम २०३ प्रमाणे गणवेशातील पोलीस अधिकारी किंवा मोटार वाहन विभागाचा अधिकारी सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवणाऱ्याला मशीनमध्ये फुंकायला सांगू शकतो. त्यासाठी त्याला संशयाला वाजवी कारण असावे लागते. गाडी नागमोडी चालणे, तोंडाला वास येणे ही अशी कारणे होत. अपघात झाला असेल तर अपघाताच्या जागी, पोलीस ठाण्यात किंवा दवाखान्यातही ही तपासणी घेता येते. मात्र दवाखान्यात दाखल असलेल्या जखमीच्या बाबतीत आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरला कळवावे लागते. डॉक्टरने हरकत घेतली तर तपासणी घेता येत नाही.

मशीनने दारू दाखवली तर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते. फुंकायला नकार दिला आणि संशयाला वाजवी कारण असले, तरीही अटक होऊ शकते. आता 'फुंकायचंच नाही' म्हणणाऱ्यांनी कलम २०५ वाचावे. योग्य कारण नसताना श्वासाचा किंवा रक्ताचा नमुना द्यायला नकार दिला, तर तो नकारच सरकार पक्षाच्या पुराव्याला आधार देणारी गोष्ट म्हणून कोर्ट धरू शकते. म्हणजे नकार देऊन तुम्ही पुरावा टाळत नाही, स्वतःविरुद्ध एक पुरावा तयार करता. खरोखरच दमा असेल, छातीला मार असेल, फुंकता येत नसेल, तर ते तिथेच सांगा आणि डॉक्टरकडून नोंदवून घ्या.

अटक झाल्यावर पोलीस ठाण्यात पुन्हा श्वास-तपासणी देण्याची संधी तुम्हाला मिळाली पाहिजे, असे कायदाच सांगतो. आधीचा आकडा चुकला असे वाटत असेल तर ही संधी सोडू नका. नुकताच घोट घेतलेला असेल किंवा अल्कोहोल असलेले खोकल्याचे औषध घेतलेले असेल, तर तोंडातल्या अल्कोहोलमुळे मशीन काही मिनिटे वाढीव आकडा दाखवू शकते. औषध घेतले असेल तर पहिल्याच वेळी सांगा आणि बाटली व चिठ्ठी दाखवा. चार महिन्यांनी कोर्टात पहिल्यांदा सांगितलेले औषध कुणी मानत नाही.

दोन तासांची गोष्ट

कलम २०२ मधली एक ओळ प्रत्येकाने पाठ करावी. कलम १८५ खाली अटक केलेल्या माणसाची दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे. झाली नाही तर त्याला कोठडीतून सोडले पाहिजे.

पण नीट समजा, कोठडीतून सुटणे म्हणजे खटल्यातून सुटणे नव्हे. मशीनचा आकडा पुरावा म्हणून शिल्लक राहतोच. रक्ताचा नमुना सरकारी किंवा सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासला जातो. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरला प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. आरोपी महिला असेल आणि डॉक्टर पुरुष असेल, तर नमुना घेताना दुसरी महिला हजर असणे बंधनकारक आहे.

हा गुन्हा जामीनपात्र आहे. अटकेचे कारण सांगणे, घरच्यांना कळवणे आणि २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करणे हे पोलिसांवर बंधनकारक आहे. कोठडीत असलेल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, तो मागायला लाजू नका. आणखी एक, कलम १८५ चा दंड रस्त्यावर तडजोडीने भरून मिटत नाही. प्रकरण कोर्टातच जाते. 'इथंच मिटवू' असे कुणी म्हणाला आणि तुम्ही पैसे काढले, तर मिटले काहीच नाही. उलट लाच दिल्याचा दुसरा गुन्हा अंगावर येऊ शकतो.

शिक्षा किती?

१ सप्टेंबर २०१९ पासून शिक्षा वाढली आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पूर्वी दुसरा गुन्हा तीन वर्षांच्या आत घडला तरच 'दुसरा' धरत. ती सवलत आता नाही. त्यामुळे "कबूल करून टाक, दंड भर, निघ" हा सल्ला ऐकण्याआधी विचार करा. कबुली म्हणजे शिक्षा झाल्याची नोंद, आणि ती नोंद पुढच्या वेळी समोर येते.

शिवाय कलम २० प्रमाणे या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला कमीत कमी सहा महिने वाहन चालवण्यास अपात्र ठरवण्याचा आदेश कोर्टाला द्यावा लागतो. ज्याचे पोटच स्टेअरिंगवर आहे, त्याच्यासाठी सहा महिने म्हणजे अख्खा हंगाम. अशा अपात्र माणसाला तुम्ही ट्रॅक्टर दिलात, तर कलम १८० खाली मालक म्हणून तुम्हीही अडकता. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पिलेल्या चालकाला "चल रे, घे गाडी, कारखान्यावर नंबर जाईल" म्हणून पिटाळणाऱ्या मालकासाठी कलम १८८ आहे. चिथावणी देणाऱ्यालाही मूळ गुन्ह्याचीच शिक्षा.

बचाव कुठे टिकतो?

आता लोकांचा खरा प्रश्न. केस झाली तर बचाव कसा? दोन निकाल सांगतो, दोन्ही महाराष्ट्रातल्या खटल्यांचे.

पहिला सर्वोच्च न्यायालयाचा, १९७१ चा. बच्चूभाई हसनअली कर्याणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य. डॉक्टरने सांगितले की आरोपीच्या तोंडाला दारूचा वास होता, चाल डळमळीत होती, बोलणे असंबद्ध होते, बाहुल्या विस्फारल्या होत्या. पण रक्ताची वा लघवीची तपासणी झालेली नव्हती. केवळ एवढ्या लक्षणांवरून दारूचा अंमल सिद्ध झाला असे मानायला न्यायालय तयार झाले नाही.

दुसरा अभिनेता सलमान खान याच्या खटल्याचा. २८ सप्टेंबर २००२ च्या रात्री मुंबईत वांद्रे येथे गाडी फुटपाथवर चढून एक जण ठार व चौघे जखमी झाले. सत्र न्यायालयाने ६ मे २०१५ रोजी पाच वर्षांची शिक्षा दिली आणि १० डिसेंबर २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. आरोपी गाडी चालवत होता आणि दारूच्या अमलाखाली होता, हे सरकार पक्ष संशयापलीकडे सिद्ध करू शकला नाही, असे उच्च न्यायालयाने म्हटले. रक्तात १०० मिलिलिटरमागे ६२ मिलिग्रॅमचा अहवाल होता. पण नमुना घेतल्यापासून प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंतच्या साखळीवर न्यायालयाने शंका घेतली.

यातून काय शिकायचे? कायद्याने टिकणारे बचाव मोजकेच आहेत. गाडी तुम्ही चालवतच नव्हता. तपासणी वेळेत किंवा कायद्याने ठरवलेल्या माणसाने केली नाही. मशीन तपासून, आकडा जुळवून ठेवलेले नव्हते, चिठ्ठीवरची वेळ जुळत नाही. रक्त काढताना कातडी स्पिरिटने पुसली, बाटली सीलबंद नव्हती, नमुना कुणाच्या ताब्यात किती दिवस होता याची नोंद नाही. हे मुद्दे कागदपत्रांतून निघतात. म्हणून मशीनची छापील चिठ्ठी, वैद्यकीय अहवाल आणि अटकेचा पंचनामा यांच्या प्रती मागा, वेळा लिहून ठेवा आणि वकिलाला द्या.

न टिकणारे बचावही सांगतो. "थोडीशीच घेतली होती", "सणाचा दिवस होता", "मला सवय आहे", "लग्नात आग्रह झाला". यातला एकही कोर्टात चालत नाही. औषधाच्या बचावालाही मर्यादा आहे. महाराष्ट्र दारूबंदी कायद्याचे कलम ६६ लावले असेल आणि रक्तात ०.०५ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम किंवा जास्त अल्कोहोल निघाले, तर ते औषधातून आले हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर पडतो.

कार्यपद्धतीचे हे नियम निरपराध माणसाला वाचवण्यासाठी आहेत. तपास ढिला झाला की त्याच नियमांच्या आडून अपराधीही निसटतो आणि मेलेल्याच्या घरच्यांना न्याय मिळत नाही. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगरला आलिशान मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्या प्रकरणात रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप झाला आणि ससून रुग्णालयातल्या दोन डॉक्टरांना अटक झाली. नमुन्याची बाटली किती मोलाची आहे, हे यावरून ओळखा.

माणूस मेला तर

अपघातात माणूस दगावला की कलम १८५ मागे पडते आणि मोठी कलमे पुढे येतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल कलम १०६ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पूर्वी ती दोन वर्षे होती. पण कोर्टाला असे दिसले की माणूस मरू शकतो हे चालकाला ठाऊक होते, तर सदोष मनुष्यवधाचे कलम १०५ लागू शकते. त्यात दहा वर्षांपर्यंत कैद आहे.

याचे उदाहरण मुंबईचेच. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर अ‍ॅलिस्टर परेरा याची मोटार फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर चढली. सात जण ठार, आठ जखमी. रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल निघाले, म्हणजे ३० च्या रेषेच्या पावणेचार पट. सत्र न्यायालयाने दिलेली सहा महिन्यांची शिक्षा उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध धरून तीन वर्षे केली आणि १२ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. रस्त्याचे काम करून दमून झोपलेली ती माणसं होती. आपल्याकडेही ऊसतोडीच्या टोळ्या रस्त्याकडेला पालं ठोकून झोपतात, हे ट्रॅक्टरवाल्यांनी विसरू नये.

विमा आणि सातबारा

आता सर्वांत महत्त्वाचे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा आधी पाहू. १९७१ च्या निकालावर विसंबून "तपासणी झालीच नाही, मग विमा कंपनी काय करणार?" असे कुणी म्हणेल. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस या प्रकरणात ठरवले, की श्वासाची किंवा रक्ताची तपासणी झालेली नसली तरी विमा कंपनी इतर परिस्थितीवरून दारूचा अंमल दाखवू शकते. त्या प्रकरणात कंपनी जिंकली. म्हणजे फौजदारी कोर्टात शंकेचा फायदा मिळाला तरी विम्यात तो मिळेलच असे नाही.

दुसऱ्याला झालेल्या इजेचा दावा त्याहून भारी. १ एप्रिल २०२२ पासून कलम १५० मध्ये दारूच्या अमलाखाली वाहन चालवणे हे विमा कंपनीच्या बचावाचे एक कारण म्हणून घातले आहे. न्यायालये अनेकदा जखमीला किंवा मृताच्या वारसांना कंपनीकडून आधी पैसे द्यायला लावतात आणि ते गाडीमालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीला देतात. भरपाई लाखांत असते. कलम १७४ प्रमाणे अपघात न्यायाधिकरणाचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला, की ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. महसुली थकबाकी म्हणजे काय ते शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. चालकाने घेतलेली एक क्वार्टर अशी मालकाच्या सातबाऱ्यापर्यंत येऊन पोहोचते.

आणि मेलेला माणूस चालकच असेल तर? गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूला वारसांना दोन लाख रुपये मिळतात. पण अमली पदार्थाच्या अमलाखाली झालेला अपघात या योजनेतून वगळलेला आहे. शवविच्छेदनाच्या किंवा व्हिसेराच्या अहवालात दारू निघाली तर प्रकरण अडण्याचा धोका आहे. धनी गेला आणि दोन लाखही गेले, अशी वेळ त्या माउलीवर येऊ शकते.

गावच्या कारभाऱ्यांसाठी

सरपंच, पोलीस पाटील यांना अपघाताच्या जागी सर्वांत आधी बोलावणे येते. पंच म्हणून सही करताना जे डोळ्यांनी पाहिले त्यावरच करा. कोऱ्या कागदावर सही करू नका. बाटली, मशीनची चिठ्ठी, सील तुमच्यासमोर झाले असेल तरच तसे लिहू द्या. उद्या कोर्टात तुम्ही फिरलात तर एक तर निरपराध माणूस जाईल, नाही तर अपराधी सुटेल. "आपल्याच गावचा आहे" म्हणून चालक बदलून दाखवण्याच्या भानगडीत कुणी पडू नये. तो पुरावा बनवण्याचा वेगळा गुन्हा आहे.

गावात दारूदुकानाचा त्रास असेल तर २००८ च्या शासन आदेशाप्रमाणे २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांनी मतदानाची मागणी करता येते. 'उभी बाटली, आडवी बाटली' म्हणतात ते हेच.

ट्रॅक्टरमालकांनी मात्र दुकान बंद व्हायची वाट पाहू नये. चाव्या संध्याकाळी घरात आणून ठेवा. पहाटे चालकाशी समोरासमोर दोन शब्द बोलूनच चावी हातात द्या. वास आला तर त्या दिवशी खेप बुडू द्या. बुडालेली खेप पुढच्या पाळीला भरून निघते. गेलेला माणूस आणि गेलेली जमीन कुठलाच वकील परत आणू शकत नाही.